बारसं बाराव्याला की अठ्ठाविसाव्याला? दोन रीतींच्या घरात बाळाचं नाव ठेवताना

प्रश्न नेरूळहून आला आहे. विचारणारी मूळची कोल्हापूरची, नवरा पालक्काडचा मल्याळी, मुलगी आज सोळा दिवसांची. बाळ दिवसांआधी झालं म्हणून पहिले दोन आठवडे एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होतं, त्यात बारावा दिवस गेला. आई म्हणते, बारसं राहिलंय, आता लवकर उरकून घ्या. सासूबाई म्हणतात, आमच्यात अठ्ठाविसाव्या दिवशीच. पत्रिकेत उत्तराभाद्रपदा नक्षत्राचा चौथा चरण निघाला आणि नावाच्या सुरुवातीसाठी त्याचं अक्षर 'ञ'. नवऱ्याकडे आडनाव लावत नाहीत, मग जन्मदाखल्यावर काय लिहायचं, हा वेगळा पेच. शिवाय एका नातेवाईक बाईंचं मत, 'मुलगीच आहे, एवढा घाट कशाला?' बाळंतीण विचारते, कोणाचं ऐकू?

मी ठाण्याला नौपाड्यात राहते आणि बरीच वर्षं पौरोहित्य करते. ठाणे, ऐरोली, वाशी, खारघर इथली बारशी केली आहेत आणि त्यांतली पुष्कळ दोन भाषांच्या घरांतली होती. म्हणून आधी एक सांगते. नाव निवडणं, नाव ठेवणं आणि नाव नोंदवणं ही तीन निरनिराळी कामं आहेत. भांडणं होतात ती ही तिन्ही एकाच दिवशी, एकाच माणसाच्या मर्जीनं व्हावीत असा हट्ट धरल्यामुळे. ती सुटी केलीत की दोन्ही घरांना मानाची जागा निघते. तशी सोय आपल्या रीतीतही आहे आणि त्यांच्याही.

दिवसाचं आधी बघू. आपल्याकडे बारावा दिवस का, तर सोयर दहा दिवसांचं. ते फिटलं, बाळंतिणीला न्हाऊ घातलं, घर सारवून-पुसून झालं, की अकराव्या-बाराव्याला बाहेरची माणसं घरात येऊ शकतात. तेव्हा बाळाला पाळण्यात घालायचं. केरळातला अठ्ठाविसावा दिवस येतो तो चंद्राच्या हिशोबानं. सत्तावीस नक्षत्रांचा फेरा पुरा करायला चंद्राला साधारण २७ दिवस आणि ८ तास लागतात. जन्माचा दिवस पहिला धरला, तर अठ्ठाविसाव्याला चंद्र पुन्हा बाळाच्या जन्मनक्षत्राशी येतो. त्या दिवशी कमरेला काळा दोरा आणि ऐपतीप्रमाणे सोन्याची साखळी बांधतात, त्याला 'नूलुकेट्टू' म्हणतात. म्हणजे एक घर सोयर फिटण्याची वाट बघतं, दुसरं चंद्र परतण्याची. दोघांनाही एकमेकांची रीत खोटी ठरवायचं कारण नाही.

तुमचा बारावा हुकला म्हणून आईंनी जीव टांगणीला लावून घेऊ नये. गृह्यसूत्रं म्हणजे घरातल्या संस्कारांचे नियम सांगणारे जुने ग्रंथ. त्यांतलं पारस्कर गृह्यसूत्र दहाव्या दिवशी बाळंतिणीला उठवून नाव ठेवायला सांगतं. गोभिल गृह्यसूत्रात दहा रात्रींनंतर, शंभर रात्रींनंतर किंवा वर्षानंतर, असे तिन्ही काळ दिलेले आहेत. म्हणजे अडचण आली तर थांबायची मुभा तिथेच लिहून ठेवली आहे. एनआयसीयूतून नुकत्याच घरी आलेल्या बाळाच्या भोवती चाळीस-पन्नास माणसं गोळा करणं मला तर अजिबात पटत नाही. तुमच्या बाबतीत अठ्ठाविसावा दिवस दोन्हींना चालेल आणि बाळालाही बारा दिवस जास्त मिळतील. बालरोगतज्ज्ञांना मात्र विचारून घ्या. ते म्हणाले आणखी महिनाभर थांबा, तर थांबा. काळा दोरा घरातल्या चौघांत अठ्ठाविसाव्याला बांधून घ्या आणि पाळणा पुढे करा.

आता नाव ठेवतं कोण, याकडे येते, कारण खरा मानपान इथेच अडतो. पारस्करांनी लिहिलंय की नाव वडील ठेवतात. महाराष्ट्रातल्या बायकांनी ते काम आत्याकडे दिलं आणि आज कुठल्याही बारशात मुख्य माणूस आत्याच असते. बाळाला पाळण्याखालून 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' करत इकडून तिकडे द्यायचं, मग पाळण्यात निजवून आत्यानं कानाशी 'कुर्रर्र' करून नाव सांगायचं आणि बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. गुजराती घरांतही हा मान फोईचाच. चार मुलं कापडाची चार टोकं धरून बाळाला झुलवतात आणि 'ओळी झोळी पीपळ पान' म्हणत फोईनं ठेवलेलं नाव पुकारतात. केरळात बहुधा वडील, काही घरांत आजोबा किंवा मामा, बाळाच्या एका कानावर विड्याचं पान धरून दुसऱ्या कानात तीनदा नाव सांगतात.

आता तुमच्या घरात हे लावून बघा. बाळाची आत्या म्हणजे तुमची नणंद, म्हणजे मल्याळी घरातली मुलगी. तुमच्या आईंना मराठी पद्धतीचं बारसं हवं असेल, तर त्या बारशाचा सगळ्यात मोठा मान आपोआप सासरकडे जातो! हे सासूबाईंना नीट समजावून सांगा. बहुतेक घरांत हे कोणी बोलतच नाही, आणि तिकडच्यांना वाटत राहतं की ही मुलीकडची मंडळी आमच्यावर आपली रीत लादताहेत. मग बाळाच्या वडिलांनी पान धरून कानात नाव सांगावं आणि लगेच नणंदबाईंनी 'कुर्रर्र' करावं. दोन्ही मिळून दहा मिनिटांचं काम आहे. नणंद नसेल तर चुलत नणंद चालते, मैत्रीणही चालते.

ठाण्यात राहून एक गोष्ट फार जवळून बघायला मिळाली, ती म्हणजे शेजारच्या रीती एकमेकांत कशा मिसळतात. टेंभीनाक्याला १८७९ साली बांधलेलं बेने इस्रायलींचं शारे हाशामाईम सिनेगॉग आहे. यहुदी धर्माप्रमाणे मुलाची सुंता आठव्या दिवशी आणि तेव्हाच नाव. पण कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या या मराठी बोलणाऱ्या लोकांच्या जुन्या घरांत बाळाला पाळण्यात घालायची रीतही होती. नावं हिब्रू, आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर, म्हणजे अस्सल रायगडच्या गावांची. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चच्या परिसरातल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक घरांत बाप्तिस्म्याला नाव मिळतं, धर्ममाता-धर्मपिता उभे राहतात, पुष्कळ घरांत पहिल्या मुलाला आजोबांचं नाव देतात. हिंदू-ख्रिस्ती जोडपी मला विचारतात की चर्चमध्ये संतांचंच नाव लागतं का. १९८३ चा कॅथलिक धर्मकायदा एवढंच म्हणतो की नाव ख्रिस्ती भावनेला परकं नसावं. त्यामुळे मराठी नावाला बहुधा आडकाठी येत नाही, फादरशी आधी बोलून घ्यावं. मुंब्रा-भिवंडीकडच्या मुस्लिम घरांत जन्मल्यावर उजव्या कानात अजान, सातव्या दिवशी अकीका, म्हणजे बाळाच्या नावानं कुर्बानी, आणि जावळाच्या वजनाइतकी चांदी दान. शीख कुटुंबं गुरुद्वारात जातात. तिथे गुरू ग्रंथ साहिब उघडून निघालेल्या शबदाचं पहिलं अक्षर घ्यायचं. नाव मुलगा-मुलगी दोघांना एकच चालतं, पुढे सिंग किंवा कौर. आणि आपल्या नवी मुंबईच्या मूळ गावांत, दिव्यात, घणसोलीत, आगरी-कोळी घरांत पाचवीच्या रात्रीचा थाट बारशाहून कमी नसतो. सटवाई त्या रात्री कपाळी लिहून जाते म्हणून कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवायची. गुजरात्यांच्या छठ्ठीला हीच मांडणी, फक्त एक रात्र उशिरा.

अक्षराचा घोळ सोडवू. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, मिळून १०८ अक्षरं. त्यात उत्तराभाद्रपदेची अक्षरं दू, थ, झ, ञ. आर्द्रेत 'ङ' आहे, हस्तात 'ण' आहे. या अक्षरांवरून नाव निघत नाही म्हणून आईबाप रात्र-रात्र मोबाईलवर याद्या चाळत बसतात आणि काहीतरी ओढूनताणून, अर्थ नसलेलं नाव काढतात. त्याची गरज नाही. नामकरण संस्कारात एकच नाव ठेवत नाहीत, चार ठेवतात. एक कुलदेवतेवरून, एक जन्माच्या महिन्यावरून, एक नक्षत्रावरून आणि चौथं व्यवहाराचं, ज्यानं जग हाक मारणार. महिन्यांची नावंही ठरलेली आहेत: मार्गशीर्षाचं कृष्ण, पौषाचं अनंत, माघाचं अच्युत, असं कार्तिकाच्या पुंडरीकाक्षापर्यंत. नक्षत्रनाव पूर्वी घरातच ठेवत, चारचौघांत उच्चारतही नसत. तेव्हा 'ञ'चं काय करायचं ते तुमच्या गुरुजींवर सोपवा. ते जवळचं अक्षर घेतील किंवा त्याच नक्षत्राच्या दुसऱ्या चरणाचं, आणि ते नाव पत्रिकेत राहील. व्यवहाराचं नाव तुम्ही दोघांनी मोकळेपणी निवडा. सासरी सांगताना नक्षत्राचा मान ठेवलाय हे सांगा. मल्याळी माणसाला आपलं जन्मनक्षत्र तोंडपाठ असतं, वाढदिवसही पुष्कळ जण नक्षत्रावर करतात. तुमच्या मुलीचं नक्षत्र त्यांच्याकडे 'उत्रट्टाती'.

ही चार नावं तांदळात अंगठीनं लिहितात. ते कसं करायचं तेही सांगते, कारण ऐनवेळी धांदल होते. पसरट ताट घ्या, तांदूळ कोरडे आणि अख्खे. बोटभर जाड थर दिला तर अक्षर बुजतं. पातळ दिला की अंगठीच्या रेघेखाली ताटाचा तळ चमकतो आणि नाव लांबूनही वाचता येतं. एक नाव लिहून झालं की ताट दोन्ही हातांनी हलकं हलवायचं, तांदूळ पुन्हा सारखे होतात. ऐरोलीच्या एका बारशाला वडील तमिळ होते. तिथे तीन नावं वडिलांनी देवनागरीत लिहिली. चौथ्याला मी अंगठी बाळाच्या आजोबांकडे दिली आणि म्हटलं, तुमच्या लिपीत लिहा. ते कोपऱ्यात खुर्ची घेऊन पाहुण्यासारखे बसले होते. उठून आले, चप्पल नव्हतीच पायात, तरी पाय पुसले, आणि वाकून सावकाश एकेक अक्षर काढलं. नंतर जेवायच्या पंगतीत आग्रह करायला तेच पुढे होते. तेव्हापासून दोन लिपींच्या घरात मी दोन्हींत लिहून घेतेच. तुमच्याकडेही एकदा देवनागरी, एकदा मल्याळम.

नाव निवडताना एक गाठ हमखास पडते, आजोबांच्या नावाची. दक्षिणेत आणि ख्रिस्ती घरांतही हयात आजोबांचं नाव नातवाला देणं म्हणजे त्यांचा सन्मान. आपल्याकडे सासऱ्यांचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, मग तेच नाव घेऊन पोराला रागवायचं कसं? म्हणून आपण बहुधा गेलेल्या माणसाचं नाव ठेवतो. बाळाजी विश्वनाथ पेशवे एप्रिल १७२० मध्ये गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरात झालेल्या नातवाचं नाव बाळाजीच ठेवलं. घरात त्याला हाक नानासाहेब! थोरल्या बाजीरावांच्या नातवाचं नाव पुन्हा बाजीराव. घरात नाना, अप्पा, बाळ, तात्या अशी हाक मारायची रीत टिकली, त्यामागे हेही एक कारण आहे. तुमच्या सासरी आजीचं नाव सुचवत असतील आणि तुम्हाला ते हाक मारायला जड जात असेल, तर कुलदेवतेच्या नावाच्या जोडीनं तांदळात ते लिहा आणि घरात हाकेचं नाव वेगळं ठेवा. बंगाल्यांकडे तर प्रत्येकाला दोन नावं असतातच, घरातलं डाकनाम आणि बाहेरचं भालोनाम.

उच्चाराची परीक्षा घ्यायला विसरू नका. मनात आलेली चार-पाच नावं कागदावर लिहा आणि दोन्ही आज्यांना, कोल्हापूरच्या आणि पालक्काडच्या, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत हाक मारतात तशी मोठ्यानं मारायला सांगा. एकीच्या तोंडी जे मोडतंय ते बाजूला काढा. अनघा, देविका, राधिका, गायत्री अशी दोन्हीकडे नांदणारी नावं भरपूर आहेत.

आता त्या नातेवाईक बाईंचं वाक्य. याबद्दल मला शांतपणे बोलताच येत नाही. मुलीचं नाव ठेवायचा नियम पारस्करांनी वेगळा दिला आहे: अक्षरं विषम, शेवट 'आ'कारानं. म्हणजे मुलीचं नामकरण तेव्हाही होतं. पुढे मनुस्मृतीनं मुलींचे संस्कार मंत्राविना करा म्हटलं आणि तेवढ्यावर मुलींची बारशी उरकायची सवय लागली. त्याच मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचं नाव जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असं ठेवायला सांगितलं आहे. नावावरून माणसाची पायरी ठरवायची ही व्यवस्था होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर घराघरांत सिद्धार्थ, मिलिंद, संघमित्रा, यशोधरा, प्रज्ञा अशी नावं आली, ती त्या व्यवस्थेला दिलेलं उत्तर होतं. त्रिसरण-पंचशील म्हणून झालेल्या अशा नामकरणांना मी शेजारी म्हणून बसले आहे आणि तिथे नाव सांगताना बापाचा आवाज कसा चढतो ते ऐकलं आहे.

मुलं जगत नसत तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, भिकाजी ठेवत. त्यामागे माया होती. पण 'नकुशी'मागे कसली माया? सातारा जिल्ह्यात २०११ साली अडीचशेहून जास्त नकुशींची नावं प्रशासनानं समारंभ करून बदलली. त्या मुली शाळेत हजेरीला रोज ते नाव ऐकत मोठ्या झाल्या होत्या. म्हणून सांगते, तुमच्या मुलीचं बारसं पूर्ण करा. घुगऱ्या करा, सुंठवडा करा, पाळणा म्हणा. मी मुलींचं नामकरण सगळे मंत्र म्हणूनच करते. तुमचे गुरुजी 'मुलीचं थोडक्यात करू' म्हणाले तर स्पष्ट सांगा की आम्हाला पूर्ण हवंय, आणि नाहीच म्हणाले तर दुसरे बघा.

राहिलं नोंदवणं. इथे घाई नको, पण काळजी पुरेपूर घ्या. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते आणि रुग्णालयात जन्म झाला असेल तर ती माहिती रुग्णालयच महापालिकेला कळवतं. ही नोंद नावाशिवाय होऊ शकते. बाळाचं नाव नंतर घालायला जन्म नोंदल्यापासून १२ महिने शुल्क लागत नाही, त्यानंतर विलंबशुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. म्हणजे नाव ठरलं नाही म्हणून आज रात्री भांडायची गरज नाही. डिस्चार्जच्या कागदांबरोबर फॉर्म पुढे आला म्हणून घाईत काहीतरी नाव लिहून टाकणारी जोडपी मी पाहिली आहेत. एकदा नोंदवलेलं नाव बदलायचं तर पुढे राजपत्रापर्यंत जावं लागतं. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, पासपोर्ट या सगळ्यांसाठी जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा धरला जातो. त्यामुळे त्यातलं एक चुकलेलं अक्षर पुढच्या प्रत्येक कागदावर जाईल.

आडनावाचं असं करा. तुमच्या यजमानांचं नाव कदाचित आद्याक्षरांसह असेल, एक अक्षर घराण्याच्या नावाचं, एक वडिलांचं. आद्याक्षरं मुलीच्या नावात घालू नका, पासपोर्टच्या अर्जात ती चालत नाहीत. एकतर त्यांच्या घराण्याचं पूर्ण नाव आडनाव म्हणून घ्या किंवा यजमानांचं स्वतःचं नाव. दोघांनी बसून एकच ठरवा आणि शाळा, आधार, पासपोर्ट, सगळीकडे तेच द्या. वडिलांचं नाव त्यांच्या आधार-पासपोर्टवर आहे तसंच अक्षरशः उतरवा. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी शासकीय कागदपत्रांत बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवला आहे, तेव्हा तुमचं नावही त्यात येईल. तुम्ही माहेरचं नाव लावत असाल तर आधीच तुमचे स्वतःचे कागद एकसारखे आहेत ना, तपासा.

आणि इंग्रजी स्पेलिंग. आपला दाखला मराठी-इंग्रजी दोन्हींत असतो. दक्षिणेत 'त'साठी टी-एच लिहायची पद्धत आहे, आपण टी-एच 'थ'साठी ठेवतो. गीता, श्वेता, स्वाती ही नावं सासरच्या स्पेलिंगनं लिहिलीत तर इथे शाळेतल्या बाई गीथा, श्वेथा वाचतील, आणि मग मराठी रकान्यातही कोणीतरी तसंच उतरवेल. 'त' असलेलं नाव निवडलंत तर स्पेलिंग आजच ठरवा. अंतिम दाखला निघण्याआधी दोन्ही रकाने बोट ठेवून, एकेक अक्षर करत, दोघांनी वेगवेगळे वाचा.

आज एवढं करा: बालरोगतज्ज्ञांना अठ्ठाविसाव्या दिवसाचं विचारा, होकार आला की पहिला फोन नणंदेला लावा आणि आत्या म्हणून तिला काय करायचंय ते तुम्ही स्वतः सांगा. 'कुर्रर्र' फोनवरच दोनदा म्हणवून घ्या, मल्याळी जिभेला ते मुळीच जड नाही.